मदत हवी आहे: लँडलाइन आणि इंटरनेट फोन एकाच फोनवर कसे आणायचे?

घरात तांब्याच्या तारेची जुनी लँडलाइन आहे, आणि आता राउटरला जोडायचा व्हीओआयपी (इंटरनेटवरून फोन चालवणारा) अडॅप्टरही आणलाय. दोन्हींचे कॉल एकाच फोनवर यावेत, एवढंच हवंय. काल उत्साहाच्या भरात भिंतीतली लाइन अडॅप्टरच्या ‘फोन’ लिहिलेल्या पोर्टमध्ये खुपसणार होतो. नशीब, आधी माहितीपत्रक उघडलं! तो एफएक्सएस पोर्ट, म्हणजे फोनला स्वतःच वीज पुरवणारा. लँडलाइनवर आधीच ४८ व्होल्टच्या आसपास, रिंग वाजताना त्याहून बरेच जास्त. अडॅप्टर गेलाच असता.

मग एफएक्सओ पोर्टवाला, म्हणजे भिंतीतली लाइन जोडता येईल असा अडॅप्टर घ्यावा, की दोन लाइनींचा फोन सरळ पडेल? वीज गेली तरी लँडलाइन चालायलाच हवी. आईचा भरवसा तिच्यावरच. कोणी असं जोडलंय का? कॉलर आयडी नीट दिसतो?