मदत हवी आहे : करडई तेलाला खवट वास, पण पेरॉक्साइड व्हॅल्यू उतरलेली. असं कसं?

नमस्कार. सोलापूरजवळ आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा आणि करडई, दोन्ही तेलं काढतो. या उन्हाळ्यात नेहमीच्या गिऱ्हाईक काकू करडईचा डबा परत घेऊन आल्या. "भाजीला वास मारतोय गं," एवढंच म्हणाल्या. झाकण उघडल्यावर मलाही कळलं. पैसे दिले, पण तेव्हापासून चैन नाही.

माझी जाऊ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिच्या मदतीने शनिवारी पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल हवेने किती बिघडलंय त्याचा आकडा, काढायला लागले. ५ ग्रॅम तेल, ॲसेटिक ॲसिड आणि क्लोरोफॉर्मचं ३:२ मिश्रण ३० मिली, संपृक्त पोटॅशियम आयोडाइड अर्धा मिली, बरोबर एक मिनिट हलवायचं, ३० मिली पाणी घालायचं आणि ०.०१ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन. स्टार्च शेवटी. ब्लँक (तेल न घालता हीच चाचणी) दर वेळी करतो, आयोडाइडचं द्रावणही त्याच दिवशी बनवतो.

ताज्या करडईला किलोमागे २ मिलीइक्विव्हॅलंट आले. तेच तेल काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून कपाटात ठेवलं, चार महिन्यांनी ६. दुकानात फळीवर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत होतं, तिथे सकाळचं ऊन येतं, ते १९. इथवर समजतं. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, मर्यादा अशा न शुद्ध केलेल्या तेलाला १५ आहे, म्हणजे फळीवरचं गेलंच.

अडलंय ते पिंपाशी. सुटं तेल आम्ही स्टीलच्या पिंपातून तोटीने देतो. निम्मं झालं की वरून ताजं ओततो. मे महिन्यात त्याची व्हॅल्यू ३८ आली, काकूंचा डबा त्यातलाच. मेअखेरीस शेवटचं ताजं ओतलं, मग विक्री थांबवली. जुलैत पुन्हा तपासलं तर २१! आणि वास मात्र मेपेक्षा वाईट. तीनदा टायट्रेशन केलं, आकडा तोच.

दुसरं, ओव्हनमध्ये ६० अंशांवर तेल ठेवून एक दिवस म्हणजे घरातला एक महिना, असा हिशोब ऐकलाय. त्यावरून बाटलीवर मुदत छापू का?

प्रतिसाद

ताई, टायट्रेशन बरोबर आहे, चूक तिथे शोधू नका. तेल गिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली माझी, हा गोंधळ नव्या पोरांचा दर वर्षी व्हायचा.

तेल हवेतला ऑक्सिजन घेतं तेव्हा आधी हायड्रोपेरॉक्साइड बनतात. तुम्ही मोजता ते हेच, आणि त्यांना वास जवळपास नसतो. पुढे ते फुटतात आणि हेक्झॅनलसारखी आल्डिहाइड तयार होतात. खवट वास त्यांचा, आणि तो अगदी कणभर असला तरी नाकाला लागतो. म्हणून व्हॅल्यू चढते, टोक गाठते आणि उतरते. उतरलेला आकडा बघून तेल सुधारलं असं कधीच समजू नका. त्यात तुम्ही निम्म्यावर ताजं ओतलंत, म्हणजे त्याच दिवशी आकडा निम्म्याच्या आसपास आला असणार. नंतर जुन्या तेलातल्या पेरॉक्साइडने नव्यालाही ओढलं. विरजण लावावं तसं होतं हे. पिंप रिकामं करून, धुऊन, कोरडं केल्याशिवाय ताजं ओतायचं नाही.

पॅरा-ॲनिसिडिन व्हॅल्यू करून घ्या. ती आल्डिहाइड मोजते. ३५० नॅनोमीटरला वाचणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, जाऊबाईंच्या विभागात असेलही. पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडिन, ही बेरीज म्हणजे टोटॉक्स. पिंपाचं खरं चित्र त्यात दिसेल.

साध्या करडईत हवेने लवकर बिघडणारं लिनोलिक आम्ल साधारण पाऊण हिस्सा असतं, शेंगदाण्यात त्याहून बरंच कमी. म्हणून करडई आधी जाते. दोघांना एकच मुदत लावू नका. ६० अंशांची चाचणी दोन तेलांची तुलना करायला छान आहे, पण तेवढ्यावर तारीख छापणं मला पटत नाही. त्या तापमानाला क्रिया वेगळ्या वेगाने चालतात, आणि ओव्हनमध्ये तुमच्या फळीवरचं ऊन नसतं. प्रत्येक घाण्याच्या बाटल्या विक्रीच्याच जागी राखून ठेवा, महिन्याला एक फोडा. एकदा फोडलेली पुन्हा मोजू नका, तिच्यात हवा शिरलेली असते.

आणि तोटी कसली आहे ते बघा. तांब्याचा अंश तेलाला फार लवकर नासवतो.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. तोटी काढून पाहिली. वरून चकचकीत, पण आतला मुलामा उडालेला आणि खाली पिवळंधमक पितळ, म्हणजे त्यात तांबं आलंच. तीन वर्षं सगळं तेल त्यातूनच गेलं, हे मनाला लागलंय. स्टीलची तोटी आजच सांगितली. फळीवरच्या बाटल्या उचलल्या, करडई आता फक्त गडद काचेत भरणार. या घाण्याच्या बारा बाटल्या तारीख घालून बाजूला ठेवल्यात.

ॲनिसिडिनसाठी नमुना पाठवायचा तर बाटली गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल ना? आणि पिंपातलं चाळीस लिटर कपडे धुण्याच्या साबणाला वापरता येईल का? कुणी केलं असेल तर कॉस्टिक सोड्याचं प्रमाण कसं काढलं ते सांगा.