घोडबंदर रोडवरून खारघरला घर हलवायचे आहे : स्वतःच्या गाडीमागे ट्रेलर जोडणे योग्य ठरेल का?

प्रश्न : कासारवडवलीची रहिवासी

नमस्कार. पुढील महिन्यात आम्ही कासारवडवलीहून खारघरला राहायला जात आहोत. मागच्या स्थलांतराच्या वेळी सामान हलवणाऱ्या एका व्यावसायिकाला काम दिले होते. त्याने अर्ध्या वाटेत जादा पैसे मागितले आणि आईच्या शिवणयंत्राचा हात मोडून आणला. त्यामुळे या वेळी सर्व सामान आपणच बांधायचे आणि आपणच न्यायचे, असे मी व माझ्या धाकट्या भावाने ठरवले आहे.

माझे चुलतभाऊ अमेरिकेत टेक्सासमध्ये असतात. त्यांनी घर बदलताना यू-हॉल या कंपनीचा बंद ट्रेलर भाड्याने घेऊन तो स्वतःच्या गाडीमागे ओढून नेला होता. आमच्याकडे डिझेलवर चालणारी दणकट एसयूव्ही आहे. भिवंडीकडचा एक वेल्डिंगवाला दोन चाकांचा ट्रेलर दोन दिवसांसाठी द्यायला आणि गाडीला मागे हूक बसवून द्यायला तयार आहे. सामानात फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन लोखंडी कपाटे, वडिलांचे सागवानी मेज आणि त्यांच्या पुस्तकांचे तीसेक खोके आहेत. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरच आहे. गाडीला एवढे ओझे ओढणे जड जाऊ नये, असे मला वाटते. ज्यांनी प्रत्यक्ष ट्रेलर ओढला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : ऐरोली सेक्टर आठ

ताई, मी नोकरीनिमित्त सहा वर्षे अमेरिकेत होतो आणि तीन वेळा भाड्याचा ट्रेलर ओढून घर हलवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपली गाडी ओझे ओढू शकेल, याबद्दल मला शंका नाही. मात्र अशा प्रवासात ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड असते, आणि आपल्या प्रश्नात थांबवण्याचा विचार कुठेच आलेला नाही.

आपल्या चुलतभावांनी वापरला असेल त्या ट्रेलरचे उदाहरण घेऊ. पाच बाय आठ फुटांचा बंद ट्रेलर रिकामा असताना सुमारे 400 किलो भरतो आणि सामानासह त्याचे वजन जास्तीत जास्त सुमारे 1,200 किलो होऊ देतात. त्याला स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे जे ब्रेक केवळ आपल्या गाडीसाठी बनवले आहेत, त्यांनाच मागचे ओझेही थांबवावे लागते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि ऐरोलीच्या पुलावर पुढची बस अचानक थांबली तर हा हिशेब करायला वेळ मिळत नाही. म्हणूनच तेथील कंपनी ताशी 55 मैल, म्हणजे सुमारे 88 किलोमीटर, ही कमाल वेगमर्यादा घालते, आणि तीसुद्धा रुंद व मोकळ्या महामार्गांवर.

दुसरी गोष्ट सामानाच्या मांडणीची. एकूण वजनापैकी सुमारे 60 टक्के वजन ट्रेलरच्या आसाच्या पुढे असावे आणि हुकावर पडणारा भार भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा, असा तिथला नियम आहे. कपाटे आधी चढली, पुस्तकांना पुढे जागा उरली नाही आणि ती शेवटी दाराजवळ रचली गेली, तर ट्रेलरचे तोंड, म्हणजे गाडीला जोडलेले पुढचे टोक, वर उचलले जाते, गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि एखादा कंटेनर शेजारून वेगाने गेला तरी ट्रेलर लंबकासारखा डावीउजवीकडे झुलू लागतो. एकदा ओहायोमध्ये मला याचा अनुभव आला. तेव्हा चूक माझ्याच मांडणीची होती. अशा वेळी ब्रेक जोरात दाबणे किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवणे, या दोन्ही गोष्टींनी झोल वाढतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचे आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. त्यानंतर बाजूला थांबून सामान पुन्हा लावणे भाग असते.

याशिवाय गाडीमागच्या हुकाचा गोळा आणि त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी एकाच मापाची लागते. दोन साखळ्या ट्रेलरच्या तोंडाखाली एकमेकींना छेद देतील अशा जोडतात, म्हणजे हूक निसटला तरी तोंड रस्त्यावर न आदळता साखळ्यांवर झेलले जाते. ट्रेलरचे दिवे गाडीच्या दिव्यांशी जोडावे लागतात. वळताना ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून वळण रुंद घ्यावे लागते. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवून, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवायचा असतो. हे शिकायला मला रिकाम्या मैदानात एक पूर्ण सकाळ लागली. सोसायटीच्या फाटकात, मागे रिक्षा खोळंबलेल्या असताना आणि रखवालदार शिट्टी वाजवत असताना ते प्रथमच करून पाहण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

तिकडे भाड्याने मिळणाऱ्या ट्रेलरचा गोळा, साखळ्या, दिवे आणि वजनमर्यादा यांची तपासणी झालेली असते. आपल्या वेल्डिंगवाल्याच्या ट्रेलरचे वजन किती, त्याच्या आसाची क्षमता किती आणि जोड किती भार सहन करतो, हे त्याने लिहून दिले आहे का? दिले नसेल, तर तो ट्रेलर मी घेणार नाही. शिवाय आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेली नसेल, तर ती गाडी त्या कामासाठी तपासलेली नाही असे समजावे.

उत्तर 2 : विम्याच्या कामातील एक सदस्य, नौपाडा

वरील उत्तर उत्तम आहे. मी केवळ कायद्याची बाजू मांडतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन असते आणि त्याची नोंदणी करावी लागते. त्याच अधिनियमाच्या कलम 61 नुसार ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवरही दिसला पाहिजे. वेल्डिंगवाल्याने बनवलेल्या ट्रेलरला नोंदणीपुस्तक नसेल, तर तो रस्त्यावर आणणे बेकायदा आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी सर्वप्रथम याच मुद्द्यावर बोट ठेवील, आणि जखमी व्यक्तीची भरपाई आपल्या अंगावर येऊ शकते. घर हलवताना दोन-तीन हजार रुपये वाचावेत, ही इच्छा मी समजू शकतो. परंतु त्यासाठी इतका मोठा धोका पत्करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर 3 : कळव्याचा टेम्पोमालक

ताई, सामान आपल्या हाताने बांधायचे आणि आपल्या देखरेखीत न्यायचे, हा आपला मूळ हेतू ट्रेलरशिवायही साधतो. टेम्पो चालकासह भाड्याने घ्यावा. हमाल घ्यायचे की नाही, हे आपण ठरवावे. आमच्या घरात वीस वर्षे हाच व्यवसाय आहे.

मात्र आधी वजन करावे. छोटा हत्ती हा टेम्पो साधारण 750 किलो सामानासाठी असतो. पुस्तकांचा मध्यम खोका 20 किलोंच्या खाली क्वचितच भरतो, म्हणजे तीस खोक्यांचे 600 किलो झाले. फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन कपाटे आणि मेज मिळून आणखी 300 ते 350 किलो सहज होतील. त्यामुळे छोट्या हत्तीच्या दोन खेपा कराव्यात किंवा बोलेरोसारखी मोठी पिकअप एकदाच घ्यावी. हौद्यात जागा दिसते म्हणून माल भरत राहण्याची चूक पुस्तकांच्या बाबतीत हमखास होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास अधिनियमात 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड सांगितला आहे. बाजूला किंवा मागे मर्यादेबाहेर आलेल्या सामानालाही 20,000 रुपयांचाच दंड आहे, म्हणून मेजाचे पाय फाळक्याबाहेर काढून नेऊ नयेत.

ऐरोलीच्या दादांनी ट्रेलरच्या तोंडाबद्दल जे लिहिले, तेच टेम्पोला वेगळ्या रीतीने लागू पडते. जड माल मागच्या आसाच्याही मागे, फाळक्याजवळ साठला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. म्हणून पुस्तकांचे खोके सर्वांत आधी, केबिनच्या भिंतीला टेकवून, तळाशी दोन थरांत लावावेत. कपाटे उभी ठेवून त्यांची दारे भिंतीकडे करावीत आणि मध्ये गोणपाट किंवा जुन्या गाद्या घालाव्यात. फ्रिज उभाच न्यावा. आडवा करावाच लागला, तर उतरवल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करावा, कारण कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत गेलेले असते. वॉशिंग मशीन पुढून कपडे घालायचे असेल, तर आतील ड्रम पक्का करणारे बोल्ट शोधून लावावेत. बहुतेक घरांत ते माळ्यावर एखाद्या पिशवीत सापडतात.

भावाला सामानाबरोबर हौद्यात बसवू नये. ओळखीचे चालकही यास होकार देतात, पण कपाट घसरले तर माणसाला हलायला जागा नसते.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिले, याबद्दल मनापासून आभार. साखळ्या आणि नोंदणी यांबद्दल आज त्या वेल्डिंगवाल्याला विचारले. नोंदणी नाही आणि साखळी "लागत नाही", असे त्याने सांगितले, तेव्हा मी तो विचार सोडून दिला. आम्ही पिकअप घेत आहोत. काल न्हाणीघरातील वजनकाट्यावर दहा खोके मोजले, ते सरासरी 23 किलो भरले. एक शंका उरली आहे. दोर घट्ट बांधूनही सामान हलते, असे का होते, आणि आमचे सामान कपाटांसह खारघरपर्यंत जागेवर राहावे यासाठी काय करावे?

उत्तर 4 : कळव्याचा टेम्पोमालक

सामान दाबले जाऊन बसते, म्हणून दोर सैल पडतो. पहिल्या काही किलोमीटरमध्येच हे होते, आणि घोडबंदर रोडवरील धक्क्यांनी अधिकच. कापडी रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्याने आवळायचे पट्टे, मिळाले तर तेच घ्यावेत, कारण ते पुन्हा ताणता येतात. दोराची गाठ मात्र सोडून नव्याने बांधावी लागते. प्रत्येक कपाटाला दोन पट्टे लावावेत, एक कमरेच्या उंचीवर आणि दुसरा वरच्या टोकाखाली हातभर अंतरावर. पट्टा हौद्याच्या लोखंडी कडीतच अडकवावा. ताडपत्रीच्या हुकात तो अडकवू नये, कारण तो हूक ताडपत्रीपुरताच असतो.

माजिवड्याच्या आधी एखाद्या पेट्रोल पंपाच्या आवारात थांबून सर्व पट्टे एकदा ताणून घ्यावेत. मुलुंड-ऐरोली पुलावर थांबू नये. पूल ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागल्यावर रबाळेच्या आसपास दुसऱ्यांदा तपासावेत. पावसाळी हवा असेल तर कळव्यावरून विटाव्याचा मार्ग टाळावा, कारण तेथील रेल्वेपुलाखाली पाणी साचते आणि तळाच्या थरातले पुस्तकांचे खोके भिजण्याची भीती असते. त्या खोक्यांखाली हौद्यात आधी एक जाड प्लास्टिक अंथरावे, मग ते रचावेत.