नाव एक, त्रास निराळे

'रक्तातली साखर मोजतात तसं नैराश्यही मोजता यायला हवं,' असं कुणीतरी म्हटलंय. अडचण तिथंच आहे, अशी तपासणीच नाही. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांची यादी आणि लक्षणं देणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, नैराश्याची ९ लक्षणं आहेत. त्यांतली किमान ५ दोन आठवडे दिसायला हवीत, आणि उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवंच. आता गंमत बघा. एकाला झोप नाही, अन्न जात नाही. दुसरा दिवसभर लोळतो, सारखा खातो. दोघांच्या कागदावर नाव एकच! शिवाय याद्याही बदलतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली समलैंगिकता आजारांतून वगळली. माणसं तीच होती. तरी वर्गीकरण मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. दोन डॉक्टर एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत, एवढं तरी त्यानं कळतं.