खाली पार्किंग, वर तीन मजले. भूकंपाचं काय बघावं? (नांदेड)

नमस्कार मंडळी, नांदेडला प्लॉटवर जी प्लस थ्री बांधायलोय, खाली पूर्ण मोकळी पार्किंग. १० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या सुमारास हिंगोलीकडचा तो ४.५ चा धक्का बसला तेव्हा आई भाड्याच्या घरातून अनवाणी रस्त्यावर पळाली, तेव्हापासून डोक्यात तेच हाये. आयआयटीत शेक टेबलवर इमारती हलवून बघतात म्हणे, पण त्यातलं आपल्या साध्या घराला काय लागू होतं? कॉलमचं स्टील उभं राहिलंय, गुरुवारी काँक्रीट आहे.

बीड_सिव्हिल: दादा, पहिली भीती तुमच्या मोकळ्या पार्किंगची. वर भिंती भरलेल्या म्हणून वरचे मजले ताठ राहतात, खाली नुसते कॉलम, मग सगळं हलणं त्या एकाच मजल्यात जमा होतं. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबाद दोनशे किलोमीटरच्या वर लांब होतं तरी असल्या पार्किंगवाल्या कितीतरी बिल्डिंगा तळमजल्यावरच बसल्या. डिझाइनरला स्पष्ट विचारा, खालच्या मजल्याचा हिशोब वेगळा केला का, शिअर वॉल (आडवा धक्का झेलणारी काँक्रीटची भिंत) कुठं दिलीय. एकाच कोपऱ्यात भिंत नको, इमारत पिळवटते. आणि गुरुवारच्या आत रिंगांचे, म्हणजे कॉलमच्या उभ्या गजांभोवती बांधलेल्या सळईच्या कड्यांचे, हुक बघा. आयएस १३९२० मध्ये (भूकंपासाठी काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) १३५ अंश सांगितलंय, म्हणजे टोक कॉलमच्या पोटात वळलेलं पाहिजे. ९० अंशात वाकवलं तर कव्हर (सळईवरचा बाहेरचा काँक्रीटचा थर) फुटल्यावर रिंग उघडते, उभे गज बाहेर वाकतात आणि कॉलम गेला. एवढ्याशा टोकासाठी सळई जास्त लागत नाही, बार बेंडरला फक्त सांगावं लागतं.

औसेकर: आमचं गाव किल्लारीपासून जवळच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. माळवदाची घरं, हातभर रुंद दगडी भिंती, पण दोन्ही बाजूचे दगड वेगळे आणि मधी नुसती माती अन् चिपा, आरपार जाणारा दगड एक बी नव्हता. भिंत दोन्हीकडं फाकली अन् वरची माती सगळी अंगावर आली. साडेनऊ हजारांच्या वर माणसं गेली. तोवर भूकंपाच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता, २००२ ला झोन १ काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग ३ मध्ये गेला. म्हणून "आपल्याकडं काय होतंय" असं कुणी म्हणलं की मला राग येतो. ज्यांची जुनी दगडी घरं अजून उभी हायेत त्यांनी भिंतीला आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरावं अन् दरवाजाच्या वरनं घराभवती भिंती बांधून धरणारा पट्टा मारावा. किल्लारीनंतर हेच शिकवलं गेलं.

बीड_सिव्हिल: काका म्हणतात ते बरोबर. आणखी एक दादा, गच्चीवरची पाण्याची टाकी विटांवर नुसती ठेवू नका, स्लॅबला बांधा.

प्रश्नकर्ता: आज साइटवर गेलो. टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं, चार कॉलमच्या रिंगा ९० मध्येच होत्या. मिस्त्री म्हणाला सगळीकडं असंच करतात भाऊ. काँक्रीट सोमवारवर ढकललंय, रिंगा सोडवून परत वाकवायलेत, मी तिथंच बसून हाये. शिअर वॉलचं डिझाइनरला उद्या सकाळी भेटून विचारतो, तो काय म्हणतो ते इथं टाकतो.