प्रति: पश्चात्ताप झाला की लगेच नवा जन्म?

वर कोणीतरी विचारलंय की प्रार्थनेत रडू आलं, पापं कबूल केली, म्हणजे नवा जन्म (ख्रिस्ती श्रद्धेत याच आयुष्यात देवाकडून मिळणारं नवं जीवन, पुनर्जन्म नव्हे) झाला का? मला वाटतं रडणं खरं असू शकतं, पण तेवढ्यावर थांबू नका. बायबलमधे पश्चात्तापासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे ना, मेटानोया, त्याचा अर्थच मन बदलणं, म्हणजे चालत होतो त्या रस्त्यावरून मागे फिरणं. बायबलमधल्या लूकच्या पुस्तकात, 19व्या अध्यायात, जक्कय बघा, जकातदारांचा मुख्य, येशू घरी आला तर तो उभा राहून सरळ म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. तिथे त्याच्या रडण्याचा उल्लेखसुद्धा नाही!

आणि नवा जन्म आपण कमवत नाही हेही तितकंच खरं. योहानाच्या पुस्तकात, 3ऱ्या अध्यायात, निकदेम रात्री येशूकडे येतो, एवढा शिकलेला माणूस, येशू त्याला म्हणतो नव्याने जन्मायला हवं, आणि तो विचारतो म्हातारपणी परत आईच्या पोटात कसं जायचं. तिथे 'नव्याने' साठी जो ग्रीक शब्द आहे त्याचे अर्थ दोन, 'पुन्हा' आणि 'वरून', म्हणजे हा जन्म देवाकडून मिळतो, जन्माला येताना बाळ काय मेहनत करतं सांगा.

माझं सांगायचं तर भावाशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो, चूक माझीच, प्रार्थनेत रोज माफी मागायचो पण फोन उचलून त्याला नंबर लावायला हात थरथरत होता. लावला शेवटी. तो "बोल" एवढंच म्हणाला आणि मला पुढे बोलताच येईना.