कुंभार्ली चढताना टकटक: टर्बो हॅचबॅकला साधं पेट्रोल, ९५ ऑक्टेन की १००?

सासुरवाडी एक्सप्रेस (कराड)

नमस्कार मंडळी. गाडी आय२० एन लाइन, २०२४ ची, १ लिटर टर्बो, ६ गिअरची मॅन्युअल. ११ हजार किलोमीटर झालेत. आत्तापर्यंत डोकं न लावता साधं पेट्रोल भरत आलो.

सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट ठरलेला. मागच्या रविवारी परत येताना दुपारचे दोन वाजलेले, एप्रिलचं ऊन, गाडीत आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई आणि डिकीत आंब्याच्या तीन पेट्या. एसी फुल्ल. पोफळी सोडलं आणि चढाला एका ट्रकच्या मागे अडकलो. ट्रकवाल्याने हात दाखवून बाजू दिली, मी पाय दाबला, तर बॉनेटमधून बारीक टकटक. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. दोन-तीन सेकंद, मग गप्प. पुढच्या वळणानंतर पुन्हा. "जावईबापू, काहीतरी वाजतंय" असं मागून सासूबाई म्हणाल्या, तेव्हा खात्री पटली की मला भास होत नाहीये.

आता सल्ले ऐका. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, साध्या पेट्रोलचा प्रताप. पंपावरचा पोरगा म्हणतो, ९५ भरा साहेब, पिकअप वाढेल. पुण्याचा मेव्हणा म्हणतो, टर्बोत १०० शिवाय काही घालायचंच नाही. आणि रात्री जागून अमेरिकेतल्या लोकांचं वाचलं, तर ते म्हणतात अशा इंजिनाला ९१ प्रीमियम भरा, विषय संपला. अरे पण ९१ तर आपलं साधंच ना? मग आपलं साधं म्हणजे त्यांचं प्रीमियम?

हिशेब मांडलाय. महिन्याला १००० किमी, ॲव्हरेज १४, म्हणजे ७१ लिटर. साधं १०४ धरा, ९५ त्याहून ७-८ रुपये जास्त, १०० चा भाव १६० च्या मागेपुढे. म्हणजे ९५ ला महिन्याला साडेपाचशे जादा, १०० ला चार हजार. साडेपाचशे सोसतील. चार हजार म्हणजे पोराच्या शाळेची बस.

नक्की काय भरू?

फुल्लटाकी

१०० भर आणि मोकळा हो. एवढी गाडी घेतलीस आणि पेट्रोलला हात आखडतोस होय?

टेस्टबेड (चाकण, आता निवृत्त)

फुल्लटाकी, चार हजार तुम्ही देणार असाल तर त्यांनी जरूर भरावं.

कराडकर, आधी एक सांगा. ट्रकच्या मागून निघालात तेव्हा गिअर कुठला होता आणि काटा किती आरपीएमवर होता? आठवून सांगा, अंदाजे चालेल. तोवर थोडं लिहून ठेवतो, कारण इंजिनं टेस्टबेडवर चालवण्यात २२ वर्षं गेली आणि पंपावर "पिकअप वाढेल" ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं.

पेट्रोल किती जोरात जळतं, याच्याशी ऑक्टेनचा संबंध नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, तापतं. प्लगची ठिणगी पडते, तिथून ज्योत पसरत जाते. ती कडेपर्यंत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण स्वतःहून पेटलं, की धक्क्याची लाट भिंतीवर आपटते. ती तुमची टकटक, म्हणजे नॉकिंग. दाबलं, तापवलं तरी आपली पाळी येईस्तोवर पेट्रोल किती कळ काढतं, तेवढंच तो आकडा सांगतो. टर्बो आधीच दाबलेली हवा आत कोंबतो, म्हणून टर्बोवाल्यांना या आकड्याची जास्त काळजी.

तुमच्या इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर आहे. त्याला टकटक ऐकू आली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी थोडी उशिरा पाडतो. दोन-तीन सेकंदांत आवाज गेला तो असा गेला. इंजिन वाचतं, पण तेवढ्यापुरती ताकद घटते. जास्त ऑक्टेनचा फायदा हा एवढाच: ईसीयूला माघार घ्यावी लागत नाही. जिथे तो माघार घेतच नव्हता, म्हणजे कराडच्या बाजारात ३० च्या स्पीडने फिरताना, तिथे १०० भरा नाहीतर २०० भरा, फरक शून्य.

आता गंमत. आपलं साधं पेट्रोल ९१ हे बीएस४-बीएस६ च्या काळातलं पाठांतर. आता पंपावर ई२० आहे. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या पुढे, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर मिश्रणाचा आकडा चढतो. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच सांगितलं की ई२० मुळे तो ९५ वर गेला. तो ९५ धरला, तर साधं आणि ९५ यांत ऑक्टेनचा फरक राहतोच किती? उरलं सफाईचं अ‍ॅडिटिव्ह. तुमच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे ते अ‍ॅडिटिव्ह फार तर इंजेक्टर साफ ठेवील. व्हॉल्व्हवरचा कार्बन त्याने जायचा नाही, पंपावरच्या फलकावर काहीही लिहिलेलं असो.

एडिसनचा पाहुणा (न्यू जर्सी)

मूळचा कराडचाच, कोयना वसाहतीत वाढलो, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना. भावा, ते ९१ चं कोडं मी सोडवतो. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात मीही तिथेच फसलो होतो.

तुमचा आकडा आरओएन, म्हणजे फक्त रिसर्च ऑक्टेन. इथल्या पंपावरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी: एक आरओएन, दुसरी मोटर ऑक्टेन. दुसरी चाचणी कडक, तिचा आकडा ८ ते १० ने कमी येतो, म्हणून सरासरी खाली उतरते. इथलं ८७ म्हणजे तुमचं ९१-९२. इथलं ९१ म्हणजे तुमचं ९५-९६. माझ्या पंपावर ८७, ८९ आणि ९३ मिळतं, ते ९३ तुमच्या ९७-९८ च्या घरात. कॅलिफोर्नियात प्रीमियम ९१ वरच थांबतं, म्हणून तिकडचे लोक सारखे ९१-९१ करत असतात. अमेरिकन माणूस "९१ भर" म्हणाला की तू ९५ ऐक.

जाता जाता: न्यू जर्सीत कायद्याने स्वतः पेट्रोल भरता येत नाही, पंपावरचा माणूसच भरतो. सगळ्या अमेरिकेत एवढ्या एका बाबतीत मला घरी असल्यासारखं वाटतं.

विंचू_नाशिक

माझ्याकडे अबार्थ पुंटो, १.४ टी-जेट, १४५ पीएस. गाडी जुनी, कंपनीने दुकान गुंडाळलं, पण विकायचा जीव होत नाही. कसारा घाट आठवड्याला एकदा.

टेस्टबेड काकांशी सहमत, फक्त एक पुरवणी. गाडी रीमॅप करायचा, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचा, विचार असेल तर गणित पूर्ण बदलतं. मी ज्याच्याकडून मॅप करून घेतला त्याने ९७ धरून ठिणगी पुढे घेतली. नाशिक-मुंबई करताना मजा यायची. मग एकदा धुळ्याच्या पुढे लग्नाला गेलो, रात्री टाकी रिकामी, आणि मिळेल त्या पंपावर साधं भरलं. तेव्हा ते ९१ च होतं. परतीला दीडशे किलोमीटर पाय मोजून-मापून, बैलगाडी हाकल्यासारखी आणली. पुढच्या महिन्यात मॅप ९५ वर उतरवून घेतला. मॅप करताना आपल्या नेहमीच्या रस्त्यावर रात्री अकरालाही काय मिळतं ते बघून करायचा, हे मी पैसे मोजून शिकलो. तुझी गाडी वॉरंटीत आहे, तू त्या फंदात पडूच नको.

सासुरवाडी एक्सप्रेस

पाहुणे, कोयना वसाहत! भेटू कधीतरी. ९१ चं भूत उतरलं, आभार.

टेस्टबेड काका, बायकोला विचारून सांगतो, कारण तिचं लक्ष काट्यावर असतं. गिअर चौथा. काटा दीड हजाराच्या खाली, ती म्हणते तेराशे-चौदाशे. मी गिअर खाली टाकला नाही हे कबूल. आधीची गाडी डिझेल होती, तिला चौथ्यात दाबलं की ती मुकाट्याने ओढायची. तीच सवय.

मेव्हण्याचं मात्र म्हणणं आहे की १०० भरल्यापासून त्याचं ॲव्हरेज वाढलंय, आणि तो आकडे दाखवतो. ते कसं?

टेस्टबेड (चाकण, आता निवृत्त)

वहिनींना माझा नमस्कार. आजाराचं नाव कळलं: चौथा गिअर.

तुमच्या इंजिनाचा १७२ एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा पूर्ण जोर, १५०० आरपीएमला सुरू होतो. त्याच्या खाली टर्बोने नीट दम धरलेला नसतो. तुम्ही पाच माणसं, आंबे आणि एसी घेऊन चढावर पूर्ण पाय दाबलात. पिस्टन सावकाश चालतोय, म्हणजे कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापून पेटायला निवांत वेळ मिळतोय. बाहेर उन्हाने हवा तापलेली. नॉकिंगला आमंत्रणपत्रिका छापून दिलीत. तिसरा टाका, काटा अडीच हजारावर ठेवा, मग दाबा.

आणि ही सवय आणखी एका कारणासाठी सोडा. छोट्या, थेट फवाऱ्याच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला पूर्ण पाय दिला की कधी कधी ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटतं, बहुधा तेलाच्या थेंबामुळे. त्यात खड्यांची टकटक नसते, एकच जड ठोका येतो, आणि तसे ठोके पिस्टन फोडू शकतात. त्यावर ऑक्टेनपेक्षा तेलाचा उपाय चालतो. २०२० पासून एपीआय एसपी दर्जाचं इंजिन ऑइल आलंय, ते यासाठीही तपासलेलं असतं. सर्व्हिसला डब्यावर ती दोन अक्षरं बघून घ्या.

मेव्हण्यांचं ॲव्हरेज खरंच वाढलेलं असणार, पण श्रेय चुकीच्या माणसाला देतायत. इंडियन ऑइलच्या १०० वाल्या एक्सपी१०० मध्ये इथेनॉल नसतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे ई२० मध्ये एकूण सहा-सात टक्क्यांची घट. ती घट गेली की ॲव्हरेज १४ चं १५ होतं. भाव मात्र ५० टक्क्यांनी चढलेला. एक किलोमीटर जादा मिळवायला लिटरमागे छप्पन्न रुपये, हे त्यांना हिशेब करून दाखवा. जेवणानंतर दाखवा.

तुमची गाडी ई२० साठीच बनलेली आहे, तेव्हा इथेनॉल टाळायलाही १०० ची गरज नाही. जुनी गाडी वर्ष-वर्ष उभी ठेवणाऱ्याने भरलं तर मी समजू शकतो, इथेनॉल पाणी ओढतं.

मी काय करीन ते सांगतो. झाकणाच्या आतला स्टिकर आणि मॅन्युअलचं इंधनाचं पान वाचा. काही गाड्यांवर दोन आकडे असतात, शिफारस ९५ आणि किमान ९१ असे. किमान म्हणजे इंजिन मरणार नाही, शिफारस म्हणजे कंपनीने जाहीर केलेली ताकद पूर्ण मिळेल. किमानाच्या खाली कधी जायचं नाही, शिफारशीच्या वर खर्च करायचा नाही. आणि तिसऱ्या गिअरमध्ये, साध्या पेट्रोलवर, एकदा तोच घाट चढून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय कशामुळे झालं हे कळायचं नाही.

सासुरवाडी एक्सप्रेस (तीन आठवड्यांनी)

दोन खेपा झाल्या. लिहायला उशीर झाला, मे महिना, दुकानात पंपांची आणि पाइपांची गर्दी.

पहिली खेप: साधं पेट्रोल, तेच ऊन, तीच माणसं, या वेळी आंब्यांऐवजी फणस. पोफळीपासून वरपर्यंत तिसरा-दुसरा, काटा दोन हजाराच्या खाली येऊ दिला नाही. टकटक नाही. गाडी जी सुटली, मला वाटलं दुसऱ्याचीच आणली. गेली दीड वर्षं मी ही गाडी डिझेलसारखी चालवत होतो, हे कळून वाईट वाटलं.

दुसरी खेप: टाकी रिकामी होईपर्यंत थांबलो आणि ९५ भरलं. तिसऱ्यात तसंच, काही फरक जाणवला नाही. मग एका मोकळ्या चढावर मुद्दाम चौथ्यात, चौदाशेवर दाबून पाहिलं. एकदा आली, अगदी बारीक. आधीपेक्षा कमी होती की आता कान तेवढ्यासाठीच टवकारलेले होते, शपथेवर सांगता येणार नाही. (काका, रागावू नका, एकदाच केलं.)

तर ठरलं असं: कराडात साधं. उन्हाळ्यात भरल्या गाडीने घाट असेल तेव्हा ९५. ३७ लिटरच्या टाकीला तीनशे रुपये जादा, तेवढे आंब्याच्या खात्यात टाकतो. मेव्हण्याला हिशेब दाखवला. त्याने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १०० भरलं.

सासूबाई या खेपेला मागे झोपल्या होत्या. थेट हेळवाकला चहासाठी गाडी थांबवली तेव्हा उठल्या.