स्कोअरबोर्डची उभारणी: वजनाइतकाच वाऱ्याचाही हिशोब करा

मैदानावरचा स्कोअरबोर्ड दोन उभ्या स्टीलच्या बीमवर बसवायचा असेल, तर दोन बीम ३०० किलोचा बोर्ड सहज पेलतील आणि ब्रॅकेट जागेवरच वेल्ड करा, असा सल्ला काही जण देतात. पेलतील, पण खरा मार वाऱ्याचा बसतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ४० मीटर वेग धरला तर दर चौरस मीटरवर साधारण ९६० न्यूटन, म्हणजे जवळपास ९८ किलोचा भार. ६ बाय २.५ मीटरच्या बोर्डावर दीड टनाच्या आसपास आडवा रेटा, तोही उंचावर. त्यामुळे पाया आणि बेसप्लेटचे (बीमच्या तळाशी असलेल्या स्टीलच्या प्लेटचे) बोल्ट कृपया स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या.

त्यातला जागेवरच ब्रॅकेट वेल्ड करायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. वेल्डिंगनं गॅल्वनायझिंग, म्हणजे स्टीलवरचा जस्ताचा थर, जळतं आणि गंज नेमका तिथूनच धरतो. त्यापेक्षा बीमच्या मागून जाड पट्टी लावून थ्रेडेड रॉडनं (आटे पाडलेल्या सळईनं) आवळा, बीमला भोकंही पाडावी लागत नाहीत. प्रत्येक रॉडवर डबल नट हवाच. सततच्या थरथरीनं एकेरी नट हळूहळू सैल होतो. कॅबिनेट (बोर्डाची बाहेरची पेटी) ॲल्युमिनियमचं असेल तर स्टीलला थेट टेकू देऊ नका, ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं; मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. नायलॉनमधून वीज जात नाही, म्हणून मग कॅबिनेटला अर्थिंगची वायर मात्र स्वतंत्र जोडा.

केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकून जाईल.